नरसय्या, त्या शब्दाचा खरा अर्थ

नरसय्या, परवा तुमच्या शोकसभेत मला बोलायला उभं केलं. सोलापूरच्या पूर्व भागातला तुमच्या तेलुगू विणकर समाजाचा हॉल, पुढच्या रांगेत तुमचे भाऊबंद, मागं बायका आणि माइकपुढं मी. अठरा वर्षं ज्या माणसाबरोबर रोज आठ-दहा तास एका दवाखान्यात काढले, त्याच्याबद्दल मी चार वाक्यं बोललो. प्रामाणिक होते, मनमिळाऊ होते, पेशंटचे लाडके होते, वेळेचे पक्के होते. एवढं बोलून खाली बसलो. शेवटचं वाक्य ऐकायला तुम्ही असता तर पोट धरून हसला असता. अठरा वर्षांत तुम्ही एकदाही वेळेवर आला नाहीत. साडेआठचा दवाखाना, तुम्ही पावणेनऊला सायकल भिंतीला टेकवणार आणि वर मलाच विचारणार, "डॉक्टर, आज लवकर आलाव का?"

गेलेल्या माणसाबद्दल थोडं खोटं बोलायची रीतच आहे. त्याचं मला फारसं वाटत नाही. पण तुम्ही जिवंत असताना, माझ्यासमोर खाटेवर पडून माझ्या तोंडाकडं बघत असताना मी तुमच्याशी खोटं बोललो, त्याचं काय करायचं हे मला कळत नाही. सभा संपल्यावर तुमच्या पत्नीनं, नागमणीबाईंनी, मला बाजूला घेऊन एक गोष्ट सांगितली. ती मी शेवटी लिहिणार आहे. आधी लिहिली तर बाकीचं लिहायचा धीर राहणार नाही.

आपली ओळख कशी झाली ते तुम्हाला सांगायला नको, पण मला आठवायचंय. मी अक्कलकोटकडचा, घरात कानडी, पाच वर्षं मेडिकल कॉलेजात घासून नुकताच दवाखाना थाटलेला. तुम्ही माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठे. सोळाव्या वर्षी मागावर बसलेले, सुताच्या धुळीनं छाती धरायला लागली म्हणून माग सोडून एका दवाखान्यात झाडलोटीला लागलेले आणि पुढं कंपाउंडरची परीक्षा पास झालेले. पहिल्याच दिवशी मी चिठ्ठीवर टी.डी.एस. लिहिलं आणि तुम्ही विचारलंत, याचं पुरं काय? मी म्हटलं, दिवसातून तीनदा. तुम्ही शांतपणे म्हणालात, "ते मला बी ठाऊक हाय. पुरं काय, ते इचारतोय." मला येत नव्हतं. मग तुम्हीच सांगितलंत, टेर डाय सुमेंडम, लॅटिन आहे, टेर म्हणजे तीनदा, डाय म्हणजे दिवस. माझं तोंड एवढंसं झालं. डॉक्टर मी होतो आणि माझ्या चिठ्ठीचा अर्थ कंपाउंडर मला सांगत होता.

तिथून आपला तो खेळ सुरू झाला. त्या काळी पेशंट घरून बाटली घेऊन यायचे, तुम्ही ती धुऊन मिक्स्चर भरायचात आणि बाहेरून कागदाची पट्टी चिकटवायचात. पट्टी घडीवर घडी घालून कात्रीनं कोपरा उडवायचा, उलगडली की सारख्या अंतरावर खाचा. एक खाच म्हणजे एक डोस. रोज सकाळी तुम्ही अशा वीस-पंचवीस पट्ट्या कापून ठेवायचात आणि उरलेल्या एका पट्टीवर इंग्रजीतला एखादा अवघड शब्द लिहून माझ्या टेबलावर पेपरवेटखाली सरकवायचात. दिवसभर पेशंट तपासताना तो शब्द माझ्या डोळ्यांसमोर. संध्याकाळी दवाखाना बंद करताना मी त्याचा अर्थ आणि लॅटिनातलं मूळ सांगायचं. नुसता अर्थ चालत नव्हता, मूळ पाहिजेच. नाही आलं तर चहा मी मागवायचा. पहिली दोन वर्षं बहुतेक चहा मीच मागवला.

शब्द तुम्ही आणायचात ते त्या फाटक्या डिक्शनरीतून. कुठल्या तरी गिरणीच्या गोऱ्या साहेबाची ती रद्दीत आलेली डिक्शनरी, कातडी बांधणीची, प्रत्येक शब्दाचं कूळ-गोत्र देणारी. पण तिचा एस संपेपर्यंतचाच भाग तुमच्या हाती लागला होता. टीपासून पुढची पानं गायब. "साहेब टीपाशी मेला," असं तुम्ही म्हणायचात. त्यामुळं टीपासूनचे शब्द तुम्ही पेपरात वाचून ठेवायचात आणि मला विचारायचात. मी घरी जाऊन बघून यायचो आणि दुसऱ्या दिवशी जरा ऐटीत सांगायचो. आणीबाणी लागल्यावर पुढारी कसे तोंड फिरवतात ते वाचून तुम्ही टर्जिव्हर्सेशन विचारला होता. टर्गम म्हणजे पाठ, पाठ फिरवणे, असं मी सांगितल्यावर तुम्ही दार लोटून घेऊन हसला होता, कारण तेव्हा मोठ्यानं हसायचीही चोरी होती.

आता एक कबुली देतो. माझ्या घरी पुण्याहून आणलेली दोन खंडांची अख्खी डिक्शनरी होती. तशीच दुसरी तुम्हाला आणून देणं मला जड नव्हतं. दर दिवाळीला मनात यायचं, आणि दर दिवाळीला मी तुम्हाला धोतरजोडी दिली. अख्खी डिक्शनरी हातात आली असती तर तुम्हाला माझ्याकडं विचारायला काही उरलं नसतं. उरलेली भाषा मी हातची राखून ठेवली होती.

मी तुम्हाला शिकवायचो असं बाहेर लोक समजायचे. खरं उलटं होतं. टॉनिकच्या कंपनीचा एक एजंट आला होता, कोट-टाय घालून, भर उन्हाळ्यात. या बाटलीनं स्टॅमिना वाढतो, असं त्यानं चार वेळा सांगितलं. तुम्ही खल घासत होतात, तिथूनच म्हणालात की स्टॅमेन म्हणजे मागावरचा उभा धागा, त्याचं अनेकवचन स्टॅमिना. ताणा धड असला तर कापड निघतं, नाहीतर आडवा धागा कितीही भारी घाला, उपयोग नाही. "तवा तुमचा स्टॅमिना बाटलीत घावायचा न्हाई, सायब." एजंटाला वाटलं कंपाउंडर टिंगल करतोय. मलाही वाटलं तुम्ही रचून सांगताय. घरी जाऊन पाहिलं तर शब्द न् शब्द बरोबर. दुसऱ्या दिवशी तुम्ही सटल शब्द ठेवलात, आणि तोही मागावरचाच निघाला, ताण्याखालून जाणारा बारीक धागा. तुमच्या बापजाद्यांनी जन्मभर जे हातानं केलं ते रोमन लोकांच्या भाषेत जाऊन बसलंय, याचं तुम्हाला कोण अप्रूप. मला मात्र त्या दिवशी थोडा राग आला होता. माझ्या कुळातलं असं काही लॅटिनात सापडत नव्हतं.

आणि करमाळ्याचा तो म्हातारा आठवतो का? पोटात गॅस धरतो म्हणून आला होता. गर्दीचा दिवस, बाजार होता. तुम्ही घाईत खाचांच्या पट्टीऐवजी माझ्यासाठी लिहिलेली शब्दाची पट्टी त्याच्या बाटलीला चिकटवलीत. वर लिहिलेलं सेस्क्विपिडेलियन. सेस्क्वि म्हणजे दीड, पेड म्हणजे पाऊल. दीड-दीड फूट लांबीच्या शब्दांना हा शब्द. म्हाताऱ्यानं गावातल्या मास्तराकडून ते वाचून घेतलं आणि गावभर सांगत सुटला की सोलापूरच्या डॉक्टरनं आपला रोग बरोब्बर ओळखला. पंधरा दिवसांनी परत आला तो ठणठणीत बरा होऊन, आणि बरोबर त्याच रोगाचे आणखी दोघं घेऊन.

मी संतापलो. पेशंटसमोर काही बोललो नाही, पण दुपारी तुम्हाला धारेवर धरलं. तुम्ही चूक कबूल केलीत, मात्र वर म्हणालात की त्याला रोगाचं नाव मिळालं म्हणून त्याचं निम्मं दुखणं गेलं. आपण पेशंटला कधी नावही सांगत नाही आणि अर्थही नाही. मी म्हटलं, सगळ्यांना सगळं सांगत बसलो तर निम्मे भीतीनंच मरतील. तुम्ही हात पुसत म्हणालात, "डॉक्टर, शब्द दिला तर अर्थ बी द्यावा लागतोय. न्हाईतर माणूस आपला आपण अर्थ लावतंय, आन् त्यो लई वाईट असतोय."

मी म्हटलं, ज्याचं काम त्यानं करावं. ही वाईट गोष्ट मी बोललो. दोन दिवस पेपरवेटखाली पट्टी आली नाही. तिसऱ्या दिवशी आली, डेलिरियम. लिरा म्हणजे नांगराची सरी. सरी सोडून भलतीकडं गेलेला बैल, तसा भ्रमिष्ट माणूस. तो शब्द मला उद्देशून होता की नव्हता, हे मी विचारलं नाही. चहा तुम्ही मागवलात आणि भांडण तिथंच थांबलं. मिटलं नाही, थांबलं. वर्षाकाठी चार-पाच वेळा ते पुन्हा निघायचंच.

माझी दुसरी एक खोड तुम्ही जाणून होतात आणि तिच्यावर कधी भांडला नाहीत. हातातून गेलेला पेशंट मला बघवत नाही. औषध चालतंय तोवर मी दिवसातून दोनदा जाईन, पण एकदा का काही करण्यासारखं उरलं नाही की माझे पाय त्या घराकडं वळत नाहीत. घरच्यांना सांगतो, काही लागलं तर कळवा, आणि सुटतो. त्यांनी कळवलं तरी गर्दी आहे म्हणतो. बहात्तरच्या दुष्काळात तुमच्याच गल्लीतले एक म्हातारे विणकर, घशाचा रोग. मी त्यांच्याकडं जायचं सोडलं. तुम्ही मात्र दर एक दिवसाआड दवाखाना सुटल्यावर सायकल मारत जायचात, गुलाबी मिक्स्चरची बाटली घेऊन. त्यात औषध काही नव्हतं हे आपल्या दोघांनाच ठाऊक. ते गेले त्या दिवशी तुम्ही येऊन एवढंच म्हणालात की म्हातारा शेवटपर्यंत तुमची वाट बघत होता. मी म्हटलं, बाहेर चाळीस पेशंट बसलेत. तुम्ही पुढची बाटली धुवायला घेतलीत.

मग मिक्स्चरचे दिवस सरत आले. लोकांना गोळ्या पाहिजेत, कॅप्सूल पाहिजेत, आणि इंजेक्शन तर पाहिजेच. बाटली घेऊन येणारे कमी झाले. जुळे सोलापुरात नवीन घरं घेतलेले नोकरदार तर कागदी पट्टीची बाटली बघून हसायचे. तुम्ही पट्ट्या मात्र तेवढ्याच कापत होतात. दिवसाला पाच लागायच्या, वीस पडून राहायच्या.

गेल्या श्रावणात तुम्ही बाटली हलवताना स्टुलावर बसायला लागलात. मी पाहिलं आणि वय झालं म्हटलं. नंतर कळलं की तीन महिने तुम्ही स्वतःच स्वतःला पित्ताचं मिक्स्चर देत होता, बाटलीला पट्टी लावून, खाचा मोजून. कंपाउंडरनं करायची ती चूक तुम्ही केलीत आणि डॉक्टरनं करायची ती मी. तीन हात अंतरावर माझ्या डोळ्यांदेखत तुमचा सदरा ढगळ होत गेला आणि मी दुसऱ्यांची पोटं तपासत बसलो. काखेत कळसा म्हणतात तो असा.

शेवटी एका दुपारी मीच तुम्हाला टेबलावर झोपवलं. बरगडीखाली हात लागला आणि मला कळलं. दगडासारखी गाठ. तुम्ही छताकडं न बघता माझ्याकडं बघत होता. काय लागलं, म्हणून विचारलंत. मी म्हटलं, लिव्हरला जरा सूज आहे. तुम्ही हसलात. "सुजंला लॅटिनात ट्यूमर म्हणत्यात, डॉक्टर."

मी म्हटलं, प्रत्येक सूज ट्यूमर नसते. आणि हात धुवायला आत गेलो. नळ बराच वेळ सोडून ठेवला.

पुण्याच्या मोठ्या हॉस्पिटलातल्या सर्जनला मी पत्र लिहिलं. अठरा वर्षं दवाखान्यातून गेलेलं प्रत्येक पत्र तुम्ही घडी घातलंत, तुम्ही मैद्याची खळ लावून चिकटवलंत, तुमच्या त्या ठाशीव अक्षरात पत्ता घातलात. विणकराच्या घरचे, खळ करावी तर तुम्हीच. त्या दिवशी मी तुमच्याकडं पाठ करून पत्र लिहिलं, स्वतःच चिकटवलं, बोटांना खळ फासली, पत्ता वाकडातिकडा पडला. तुम्ही पाकीट हातात घेऊन दोन्ही बाजूंनी पाहिलंत आणि म्हणालात, आज डॉक्टर कंपाउंडर झाले. मी हसलो. पत्रात लिहिलं होतं की पेशंटला रोगाची कल्पना नाही, ती देऊ नये, आणि माझ्या मते उपचार पॅलिएटिव्हच राहतील.

पुण्यात पोट उघडलं, पाहिलं आणि होतं तसं शिवून टाकलं. परत येताना सर्जनचं उत्तर तुमच्याच हाती दिलं होतं. स्टेशनवरून रिक्षा तुम्ही सरळ दवाखान्यात आणलीत, नागमणीबाईंना आणि ट्रंकेला रिक्षातच बसवून आत आलात. पाकीट बंद होतं. "तुमचं पत्र," एवढंच म्हणून टेबलावर ठेवलंत. मी आत जाऊन वाचलं. फार तर चार महिने, असं लिहिलं होतं. बाहेर येऊन म्हटलं, सगळं ठीक आहे, गाठ काढलीय, ताकद यायला थोडा वेळ लागेल.

तुम्ही म्हणालात, "मग झालं की."

त्यानंतर मी बुधवारी आणि रविवारी तुमच्या घरी यायला लागलो. माझं मलाच नवल वाटत होतं. असल्या पेशंटकडं मी जात नाही, पण तुमच्याकडं जायला मला काही वाटेना. उलट बुधवार कधी येतो असं व्हायचं. शेजारच्या घरात मागाचा खडखडाट, दाराशी सूप मांडीवर घेऊन नागमणीबाई विड्या वळतायत, आणि तुम्ही उशीला टेकून बसलेले. उशाखाली पट्टी तयार. मी मागच्या खेपेच्या शब्दाचा अर्थ आणि मूळ सांगायचं, तुम्ही ते वहीत लिहायचं, नवी पट्टी माझ्या खिशात घालायची. रायव्हल दिलात, एकाच ओढ्याचं पाणी घेणारे दोघं. त्यावरून अकलूजकडच्या पाटाच्या पाण्यावरून डोकी फुटलेल्या आपल्या पेशंटांची उजळणी झाली आणि तुम्हाला हसता हसता कळ आली. तुम्ही विचारायचात, पाडव्यापर्यंत कामावर यायला जमंल का? मी म्हणायचो, पाडवा कशाला, त्याआधीच या. मी इतकं सफाईनं बोलायचो की कधीकधी माझा माझ्यावरच विश्वास बसायचा.

आणि मग त्या रविवारी तुम्ही पट्टी दिलीत. मी ती बाहेर येऊन सायकलवर टांग टाकताना पाहिली. पॅलिएट.

नरसय्या, मला माहीत होता तो शब्द. तरी घरी जाऊन डिक्शनरी काढली, कुठं दुसरा काही अर्थ मिळतो का बघायला. नव्हता. मूळ पॅलियम. रोमन लोक अंगावरून घ्यायचे ते मोठं वस्त्र, आपल्या भाषेत चादर. पॅलिएट म्हणजे दुखण्यावर चादर घालणे; दुखणं बरं होत नाही, फक्त झाकलं जातं. देशभर चादरी पुरवणाऱ्या गावात आपण दोघांनी जन्म काढला आणि हा शब्द अठरा वर्षांत पट्टीवर कधी आला नव्हता. आला तो आत्ता. आणि पॅलिएट पीमध्ये येतो. तुमच्या डिक्शनरीत पी होता. अर्थ तुमच्या घरात, फळीवर, तुमच्या डोक्यावर दोन हातांवर होता. तुम्ही अर्थ विचारतच नव्हता. तुम्ही मला दार उघडून देत होता, की बाबा, बोल आता. सरळ विचारलं असतं तर मी उडवून लावलं असतं हे जाणून तुम्ही आपल्या खेळातून विचारलंत.

तीन दिवस मी ती पट्टी खिशात घेऊन फिरलो. बुधवारी आलो. तुम्ही वही उघडून, पेन्सिल हातात घेऊन बसला होता. मी म्हटलं, पॅलिएट म्हणजे आराम पाडणे, हळूहळू बरं करणे. मूळ काही सापडलं नाही.

मूळ सापडलं नाही. हे मी तुम्हाला सांगितलं. मुळाशिवाय माझ्यावरचा चहा माफ न करणाऱ्या माणसाला. मी वाट बघत राहिलो की आता तुम्ही डोळे वटारणार, फळीकडं बोट दाखवून ती डिक्शनरी काढा म्हणणार. शेजारचा माग चालू होता. तुम्ही पेन्सिल वहीवर टेकवलीत आणि म्हणालात, "बरं करणे. मग चांगला शब्द हाय की." आणि मी सांगितलं तसं, शब्दाला शब्द लिहून घेतलंत.

वाटेत मी स्वतःची समजूत घातली. आजारपणात डोकं चालत नाही, विसरले असतील, अर्थ बघितला नसेल. मनाला पटत नसलं तरी त्यावर वेळ मारून नेली. पुढच्या पट्ट्या साध्या होत्या, शाळकरी. मूळ सांगितलं तरी ठीक, नाही सांगितलं तरी ठीक. तुम्ही जास्त बोलायला लागलात, इकडचं तिकडचं, गावाकडचं, मागावरचं. मी जायला उठलो की काहीतरी नवीन काढायचात. मी बसायचो. बुधवार-रविवारचे कधी रोजचे झाले, मला कळलं नाही. पाडव्याला पंधरा दिवस राहिले असताना, एका मंगळवारी भर दुपारी, मी दवाखान्यात पोलिओचे डोस पाजत होतो आणि तुमचा धाकटा भाऊ दारात येऊन नुसता उभा राहिला.

तेव्हापासून एकच गोष्ट मला खात होती. तुम्हाला ठाऊक होतं की नव्हतं? नसेल, तर तुमचे शेवटचे चार महिने मी चोरले. कोणाला भेटायचं, काय सांगायचं, काय मिटवायचं ते तुम्ही ठरवलं असतं. तुम्हाला ते ठरवूच दिलं नाही. आणि ठाऊक असेल, तर तुम्ही माझ्यावर चिडून, मनात ठेवून गेलात. मी हातात दोन्ही घेऊन बसलो होतो आणि दोन्ही विषच.

आता परवाचं. हॉल रिकामा झाला, सतरंज्या गुंडाळायला लागले, तेव्हा नागमणीबाई माझ्याजवळ आल्या. रडत नव्हत्या. मी विचारलं नव्हतं, तरी त्यांनी सांगितलं. पुण्यातच तुम्हाला कळलं होतं. खाटेच्या पायथ्याला लावलेला कागद तुम्ही वाचलात, पॅलिएटिव्ह शब्द त्यावर होता. सर्जनचं पाकीट तुम्ही उघडलं नाहीत. ते डॉक्टरचं आहे, म्हणालात. गाडीत कुर्डुवाडीच्या पुढं आल्यावर तुम्ही त्यांना सगळं सांगितलंत. पुढच्या चार महिन्यांत भावाशी असलेला जुना अबोला मिटवलात, जे काय आवरायचं ते सगळं आवरलंत. मला यातलं काही दिसलं नाही. ऐकताना मला हायसं वाटलं, हे कबूल करतो. निदान चोरी तरी झाली नव्हती.

मग मी त्यांना विचारलं, मला का नाही बोलले? मी अर्थ चुकीचा सांगितला तेव्हा तरी बोलायचं.

त्या म्हणाल्या की तेच त्यांनीही तुम्हाला त्या बुधवारी, मी गेल्यावर विचारलं होतं. डॉक्टर खोटं बोलतात, तर सांगून टाका की तोंडावर. तुमचं उत्तर त्यांनी मला जसंच्या तसं सांगितलं. तुम्ही ते तेलुगूत बोलला असाल, त्या मराठीत सांगत होत्या.

"म्हणले, मला कळलंय हे त्याला कळलं, तर त्यो यायचा बंद व्हईल. असल्या माणसाकडं त्याला येववत न्हाई. लई भितंय ते. आन् मला तर त्यो यायला पायजे."

माझ्यामागं तुम्ही मला 'त्यो' म्हणत होता, हे मला तिथं पहिल्यांदा कळलं. नागमणीबाई चपला शोधायला लागल्या. मी त्यांना शोधून दिल्या.

हॉलपासून घरापर्यंत मी सायकल हातात धरून चालत आलो आणि वाटभर तुमच्याशी भांडत आलो. म्हटलं, तुमचा हिशेब चुकला. बाकीच्यांचं वेगळं, तुमचं वेगळं. अठरा वर्षांचा माणूस, तुमच्याकडं मी आलोच असतो, कळलं असतं तरी आलो असतो, रोज आलो असतो. घर येईपर्यंत हे शंभरदा म्हणून पाहिलं. घशाच्या रोगाचे ते म्हातारे आठवले, त्यांच्या आधीचे आठवले, एकेका घराचं दार आठवलं जिथं मी परत गेलो नाही. सायकल आत घेतली आणि पायरीवर बसलो.

तुम्ही बरोबर होता, नरसय्या. मी आलो नसतो.